शैवाकाची नोंद : पुडीपेक्षा चिठ्ठी मोलाची

पेण, प्रतिनिधी - दगडफुलावाचून गोडा मसाला पुरा होत नाही, हे मराठी घरात कोणाला सांगावे लागत नाही. मात्र वाण्याच्या दुकानातून आलेल्या त्या पुडीतील काळपट-राखाडी, कडेने कुरळलेले पापुद्रे कोणत्या डोंगरावरचे, कोणत्या झाडावरचे आणि केव्हा काढलेले, हे वाणीही सांगू शकत नाही आणि त्याला माल देणारा व्यापारीही नाही. स्वयंपाकघरात त्यावाचून काही अडत नाही. शास्त्राच्या दृष्टीने मात्र ती पुडी मुकी असते. याउलट, दगडफुलाच्याच कुळातील आणि फांद्यांवरून दाढीसारखा लोंबणारा एखादा झुबका कागदाच्या साध्या पुडीत ठेवून त्यावर गाव, झाड, उंची, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहिले, की तीच पुडी शंभर वर्षांनंतरही साक्ष देऊ शकते.

वनस्पतिसंग्रहालयांत, म्हणजेच हर्बेरियममध्ये, अशा हजारो पुड्या जपलेल्या असतात. दाढीसारख्या शैवाकाच्या नोंदी कशा होतात, त्या कशा वाचाव्यात आणि त्यांत चुका कुठे शिरतात, हे समजून घेणे पेण आणि रोहा या तालुक्यांच्या दृष्टीने विशेष अगत्याचे आहे. एका बाजूला सह्याद्रीच्या रांगा आणि दुसऱ्या बाजूला खाडी, मधून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प, धाटावची औद्योगिक वसाहत, डोलवीचा पोलाद कारखाना आणि तरीही शिल्लक राहिलेल्या देवराया व जंगले, असा हा मुलूख आहे. येथील हवा गेल्या पन्नास वर्षांत किती बदलली, या प्रश्नाचे एक उत्तर झाडांच्या सालींवर लिहिलेले असते. ते वेळीच उतरवून घेतले नाही, तर झाडाबरोबर नाहीसे होते.

दोन जीवांचा एक संसार

शैवाक ही एक वनस्पती नव्हे. बुरशी म्हणजे कवक आणि शैवल यांच्या सहजीवनातून तिचा देह घडतो. कवक निवारा देते, पाणी व क्षार धरून ठेवते. शैवल सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते. काही जातींत शैवलाची जागा नीलहरित जीवाणू घेतात. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६० च्या दशकात हे दुहेरी स्वरूप मांडले, तेव्हा अनेक मान्यवरांनी त्यांची खिल्ली उडवली होती. पुढे ते सर्वमान्य झाले. २०१६ मध्ये टोबी स्प्रिबिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही शैवाकांच्या बाह्य आवरणात यीस्ट प्रकारचे आणखी एक कवक असल्याचे दाखवून दिले. हा संसार नेहमीच दोघांचा असतो असे नाही, हे त्यातून पुढे आले.

जगात शैवाकांच्या सुमारे २० हजार जाती मानल्या जातात. त्यांपैकी सुमारे तीन हजार भारतात आहेत. रूपावरून त्यांचे ढोबळ तीन गट पडतात. दगडाला किंवा सालीला रंगाच्या डागाप्रमाणे घट्ट चिकटलेले ते कवचासारखे. मसाल्यातील दगडफुलाप्रमाणे पापुद्र्यांचे ते पानासारखे. आणि झुडुपासारखे उभे राहणारे वा धाग्यांसारखे लोंबणारे तिसरे. दाढी-शैवाक या तिसऱ्या गटातले. त्याच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव उस्निया. शेवाळासाठी वापरल्या जाणाऱ्या 'उश्ना' या अरबी शब्दापासून ते आले. भारतात या प्रजातीच्या पन्नासाहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत.

दोरा सापडला तर दाढी

पावसाळ्यात घाटातून जाताना फांद्यांवरून लोंबणारे हिरवे झुबके अनेकदा दिसतात. ते सर्व दाढी-शैवाक नसतात. त्यांतील पुष्कळसे साधे शेवाळ असते. त्याला बारीक पाने असतात आणि त्याचा रंग गर्द हिरवा असतो. बागेत टांगून ठेवली जाणारी, रुपेरी केसांसारखी दिसणारी 'स्पॅनिश मॉस' ही तर मूळची अमेरिका खंडातील फुले येणारी वनस्पती आहे. ती उस्नियासारखी दिसते, एवढ्यावरून तिच्या शास्त्रीय नावात उस्नियाची आठवण ठेवली गेली.

उस्निया ओळखण्याची खूण सोपी आहे. ओलसर झुबक्याची एक काडी दोन्ही टोकांना धरून हलकेच ताणली, की वरची फिकट हिरवी-पिवळसर साल तुटते आणि आत पांढरा, रबराप्रमाणे ताणला जाणारा दोरा दिसतो. हा मध्यवर्ती दोरा उस्नियाची ओळख मानला जातो. रामालिनासारखी दुसरी लोंबणारी शैवाके बहुधा चपट्या पट्ट्यांची असतात आणि त्यांत असा दोरा नसतो. उस्नियाचा पिवळसरपणा येतो तो उस्निक ॲसिड या रसायनामुळे. हे द्रव्य १८४४ मध्ये प्रथम वेगळे करण्यात आले असून ते जीवाणूंना मारक ठरते.

प्रजाती ओळखणे असे सोपे असले, तरी नेमकी जात ठरवणे कठीण आहे. त्यासाठी काडीवरचे सूक्ष्म उंचवटे, भुकटीसारखे पुनरुत्पादक कण, सालीची जाडी आणि मधल्या दोऱ्याची रुंदी सूक्ष्मदर्शकाखाली मोजावी लागते. त्याशिवाय रसायनांची परीक्षा असतेच. पोटॅशियम हायड्रॉक्साईड किंवा विरंजक चुन्याच्या द्रावणाचा थेंब टाकला असता शैवाकाचा रंग बदलतो का, हे पाहण्याची पद्धत फिनलंडचे विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्ये रूढ केली. पुढे वर्णलेखनाने, म्हणजे क्रोमॅटोग्राफीने, शैवाकातील द्रव्ये वेगवेगळी करून पाहता येऊ लागली. केवळ छायाचित्रावरून उस्नियाची जात सांगणे धोक्याचे मानले जाते, ते यामुळेच. छायाचित्राची रासायनिक परीक्षा करता येत नाही.

पुणे आणि लखनौ

भारतात शैवाकांच्या अभ्यासाची दोन मोठी केंद्रे घडली. लखनौमध्ये डॉ. धरणीधर अवस्थी (१९२२-२०११) यांनी आयुष्यभर या विषयाला वाहून घेतले. त्यांचा संग्रह आता तेथील राष्ट्रीय वनस्पति संशोधन संस्थेत आहे. दुसरे केंद्र पुण्याचे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या 'महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' या संस्थेचे पहिले संचालक प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मूळ मालवणचे. १९९२ मध्ये या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले आणि ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. याच संस्थेत डॉ. पी. जी. पटवर्धन, डॉ. ऊर्मिला माखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतील व देशाच्या इतर भागांतील शैवाके गोळा करून त्यांचे वर्गीकरण केले. हे नमुने संस्थेच्या आजरेकर कवक संग्रहालयात आहेत. शैवाकाचे नाव त्यातील कवकावरून ठरते, त्यामुळे त्याची पुडी कवकांच्या संग्रहात असणे स्वाभाविकच आहे.

सह्याद्रीतील दाढी-शैवाकाच्या बाबतीत एक नाव विशेष उल्लेखनीय आहे. १९८६ मध्ये जी. अवस्थी यांनी भारतातील उस्निया प्रजातीचा सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. उस्निया घाटेन्सिस ही जात त्यांनीच शास्त्राला परिचित करून दिली. 'घाटेन्सिस' म्हणजे घाटातील. पश्चिम घाटाचा निर्देश नावातच आहे. पुढे आघारकर संस्थेतील डॉ. बी. सी. बेहेरा आणि सहकाऱ्यांनी या जातीची प्रयोगशाळेत वाढ केली आणि २००५ मध्ये तिच्या जीवाणूरोधक व ऑक्सिडीकरणरोधक गुणांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. डोंगरावर मिलिमीटर-मिलिमीटरने वाढणारे शैवाक ओरबाडण्यापेक्षा त्याची वाढ काचपात्रात करता येईल का, हा त्या प्रयत्नांमागचा व्यवहार्य विचार होता.

याचा अर्थ दाढी-शैवाक घरगुती औषध म्हणून खावे, असा मात्र नाही. उस्निक ॲसिड असलेल्या, वजन घटवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या एका उत्पादनामुळे यकृताला गंभीर इजा झाल्याचे आढळल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये ते न घेण्याचा इशारा दिला होता.

नाव बदलते, नमुना राहतो

पुडी जपण्याचे खरे कारण येथे ध्यानात येते. लिनियसने १७५३ मध्ये दाढीसारख्या शैवाकाला 'बार्बाटस' हे नाव दिले; 'बार्बा' म्हणजे लॅटिनमध्ये दाढी. त्यावरून आलेले 'उस्निया बार्बाटा' हे नाव पुढे जगभर इतक्या सैलपणे वापरले गेले, की लोंबणारे हिरवट शैवाक दिसले म्हणजे तेच, असा प्रघात पडला. आज जुन्या यादीत हे नाव आढळले, तर त्यावरून नेमकी कोणती जात तेथे होती, हे खात्रीने सांगता येत नाही. यादीसोबत पुडी असेल, तर मात्र ती उघडून, काडी तपासून आणि रसायने पाहून जुन्या नावाची दुरुस्ती करता येते.

संग्रहालयातील शिस्तही याला साजेशी आहे. नमुन्याचे नाव बदलले, तरी जुनी चिठ्ठी फाडून टाकत नाहीत. कोणी, कोणत्या साली, कोणते नाव ठरवले, याची नवी चिठ्ठी तिच्याशेजारी लावली जाते. पन्नास वर्षांच्या पुडीवर तीन-तीन चिठ्ठ्या असणे हा गोंधळ नव्हे. तो त्या नमुन्याच्या चौकशीचा इतिहास होय. एकाच झुबक्याचे भाग करून ते दोन-तीन संग्रहालयांना पाठवण्याचीही पद्धत आहे. अशा वेळी गोळा करणाऱ्याचे नाव आणि त्याचा अनुक्रमांक यांच्या आधारे ही विखुरलेली भावंडे पुन्हा ओळखता येतात.

कुलाबा की रायगड?

चिठ्ठीवरची सर्वांत नाजूक ओळ असते ती स्थळाची. या बाबतीत पेण आणि रोहा यांच्या नोंदी विशेष काळजीने वाचाव्या लागतात. आजचा रायगड जिल्हा १ जानेवारी १९८१ पूर्वी कुलाबा जिल्हा होता. त्यापूर्वीच्या चिठ्ठ्यांवर 'कुलाबा' असेच लिहिलेले असणार. संगणकावर नोंदी चढवणाऱ्या व्यक्तीला हा इतिहास ठाऊक नसेल, तर रोह्याच्या डोंगरावरचा नमुना मुंबईच्या कुलाब्यात जाऊन बसण्याची भीती असते.

१९८१ नंतरचा घोटाळा वेगळाच. 'रायगड' हे जिल्ह्याचे नाव आहे आणि महाड तालुक्यातील शिवछत्रपतींच्या राजधानीच्या किल्ल्याचेही. शिवाय छत्तीसगडमध्ये, म्हणजे २००० पूर्वीच्या मध्य प्रदेशात, 'रायगढ' नावाचा जिल्हा आहे. रोमन लिपीत ही नावे एकमेकांच्या इतकी जवळ येतात, की एका अक्षराने नमुना हजार किलोमीटर दूर जाऊ शकतो. रोमन लिपीतील 'पेण' तर इंग्रजीतील लेखणीच्या शब्दाशी तंतोतंत जुळते. यंत्राने शोध घेताना ते गाव म्हणून ओळखले जाईलच, याची शाश्वती नाही. रोहा कुठे 'रोहे' असते, तर कुठे 'रोहा-अष्टमी'.

चिठ्ठीवर केवळ जिल्हा लिहिला असेल, तर आणखी एक अडचण येते. जगभरातील संग्रहालयांच्या नोंदी आता महाजालावर एकत्र पाहता येतात. २००१ मध्ये स्थापन झालेली जागतिक जैवविविधता माहिती सुविधा हे त्याचे मोठे उदाहरण. अशा नकाशांवर नेमके स्थळ माहीत नसलेली नोंद अनेकदा जिल्ह्याच्या मध्यबिंदूवर ठेवली जाते. पाहणाऱ्याला मात्र तो ठिपका नेमका वाटतो. पेण आणि रोहा यांच्यात रस्त्याने सुमारे ४० किलोमीटरचेच अंतर आहे. पण खाडीकाठचे गाव, महामार्गालगतची आमराई आणि सह्याद्रीचा कडा यांतील हवेचा फरक अंतराने मोजता येत नाही. म्हणून ठिपक्याबरोबर त्याच्या अनिश्चिततेचा आकडाही पाहणे आवश्यक ठरते.

उंचीची नोंद यासाठीच महत्त्वाची. सह्याद्रीत दाढी-शैवाके प्रामुख्याने थंड, धुक्याच्या, उंच भागात वाढतात. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवरचे महाबळेश्वर त्यांना मानवते. पेण आणि रोहा ही गावे मात्र जवळजवळ समुद्रसपाटीलाच आहेत. त्यामुळे 'रोहा, उस्निया' एवढीच नोंद समोर आली, तर अभ्यासकाने लगेच ती खोटी ठरवू नये आणि लगेच स्वीकारूही नये. नमुना तालुक्यातील एखाद्या उंच डोंगरावरचा होता का, गोळा करणाऱ्याने मुक्कामाच्या गावाचे नाव लिहिले का, तो खरोखर उस्नियाच आहे का, हे तीन प्रश्न प्रथम विचारायला हवेत. त्यांची उत्तरे यादीत नसतात; पुडीत आणि चिठ्ठीत असतात.

हवेचा हिशेब

शैवाकाला मुळे नसतात. पाणी आणि क्षार ते थेट पावसातून, धुक्यातून आणि धुळीतून घेते. झाडाच्या पानांवर असते तसे मेणाचे संरक्षक आवरणही त्याला नसते. म्हणून हवेत जे असेल, ते त्याच्या देहात उतरते. १८६६ मध्ये नायलँडर यांनीच पॅरिसमधील लक्झेंबर्ग उद्यानातील शैवाकांचा संबंध हवेच्या शुद्धतेशी जोडला होता. १९७० मध्ये हॉक्सवर्थ आणि रोझ या ब्रिटिश संशोधकांनी झाडांवरील शैवाकांवरून हवेतील सल्फर डायऑक्साईडचा अंदाज घेण्याची श्रेणी इंग्लंड व वेल्ससाठी तयार केली. त्यात लोंबणारी उस्निया स्वच्छ हवेच्या टोकाला होती. कोळशाचा धूर कमी झाल्यावर तेथील शहरांत अनेक शैवाके परतल्याचेही पुढे दिसून आले.

ही श्रेणी जशीच्या तशी कोकणाला लावता येणार नाही. पेणमध्ये दाढी-शैवाक दिसत नाही म्हणून तेथील हवा दूषित, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. सखल भागातील उष्णताच त्याला मानवत नसेल. येथे उपयोगी पडतील ती आंबा, ऐन, जांभूळ यांच्या सालींवरील कवचासारखी आणि पानासारखी शैवाके. तुलना करायची ती इंग्लंडशी नव्हे, तर याच झाडांच्या पूर्वीच्या स्थितीशी.

त्या तुलनेसाठी जुनी पुडी लागते. वाळलेल्या शैवाकातील धातूंचे प्रमाण अनेक वर्षांनंतरही मोजता येते. उदाहरणार्थ, भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. महामार्गालगतच्या एखाद्या झाडावरचा त्यापूर्वीचा नमुना आणि त्याच परिसरातील आजचा नमुना शेजारी ठेवले, तर शिशाचा फरक आकड्यांत दाखवता येईल. मात्र पळस्पे ते इंदापूर या टप्प्यात २०११ पासून सुरू झालेल्या चौपदरीकरणात रस्त्याकडेची असंख्य जुनी झाडे तोडली गेली. त्यांच्या सालीवरची शैवाकेही त्यांच्याबरोबर गेली. ज्या झाडांवरून आधी पुड्या भरल्या गेल्या असतील, त्यांच्यापुरता हिशेब शिल्लक आहे. इतरांचा कायमचा बुडाला.

उरलेल्या झाडांबाबत अजून वेळ गेलेली नाही. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेले, १९८६ मध्ये घोषित झालेले फणसाड अभयारण्य, गावोगावच्या देवराया आणि डोंगरकड्यांवरची जुनी झाडे येथे आहेत. स्थानिक महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांना यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. ठरावीक झाडे निवडून, दर काही वर्षांनी त्याच सालीची पाहणी करून, थोडे नमुने मान्यताप्राप्त संग्रहालयाकडे सोपवले, तरी पुढील पिढीला तुलनेचा पाया मिळेल. नवा कारखाना किंवा नवा रस्ता येण्यापूर्वीची स्थिती काय होती, हा प्रश्न सुनावणीत हमखास निघतो. त्या वेळी आठवणीपेक्षा तारीख लिहिलेली पुडी अधिक उपयोगी पडते.

नमुना गोळा करताना

- अभयारण्यात व वनक्षेत्रात वनखात्याची आणि देवराईत ग्रामस्थांची परवानगी प्रथम घ्यावी.
- एकाच झाडावरचे सर्व शैवाक काढू नये. शैवाकाची वाढ अत्यंत मंद असते. छोटा झुबका पुरेसा होतो.
- नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये, बुरशी धरते. तो सावलीत, हवेवर वाळवून कागदाच्या पुडीत ठेवावा.
- चिठ्ठीवर गाव, तालुका, जिल्हा, राज्य, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाचे नाव, जमिनीपासूनची उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि अनुक्रमांक लिहावा.
- चिठ्ठी जागेवरच लिहावी. घरी येऊन आठवणीने लिहिलेल्या चिठ्ठीत मुक्कामाचे गाव शिरते आणि डोंगर मागे राहतो.
- जातीचे नाव ठाऊक नसेल, तर ती जागा मोकळी सोडावी. नाव पुढे कोणीही जाणकार ठरवू शकतो. स्थळ आणि तारीख मात्र गोळा करणाऱ्यालाच लिहिता येते.